बिनरंगाचं घर

खेळण्यांच्या दुकानात शिरून खेळणी हुंगणारी बाई बेळगावात एकच असावी, आणि ती म्हणजे अनगोळची नीलम. ती खोका उघडायला लावायची, नाक आत घालायची आणि खोका परत करायची. "मॅडम, घर खेळायचं आहे, खायचं नाही," असं एका दुकानदारानं म्हणून पाहिलं. नीलमनं त्याला प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काय घालतात आणि चकचकीत रंगात शिसं कसं असू शकतं, हे उभ्या उभ्या समजावून सांगितलं. ती पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवायची. दुकानदारानं मुकाट्यानं खोक्याला चिकटपट्टी लावली.

हवं होतं बाहुल्यांचं घर. चिनूचा पाचवा वाढदिवस जवळ आला होता. पण घर एकट्या चिनूसाठी नव्हतं. ती आणि तिचा थोरला भाऊ सौरव चपलांच्या खोक्यात संसार मांडून खेळायची, आणि त्या संसारात स्वयंपाक सौरव करायचा. म्हणून नीलमला गुलाबी घर नको होतं. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मुलासाठी दाखवू का मुलीसाठी?" नीलमचं उत्तरही ठरलेलं, "मुलांसाठी." मग दुकानदार बिचारा गुलाबी घर आणि निळा ट्रक, दोन्ही काढून पुढं ठेवायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण चिनूला बालदमा होता. शेजाऱ्यांनी दाराला रंग दिला, कुणी उदबत्ती लावली, नवा पडदा टांगला, एवढं निमित्त तिला पुरायचं. आधी शिंका, मग खोकला, मग छातीतली ती बारीक शिट्टी. शिट्टी सुरू झाली की नीलमचा स्वतःचाच श्वास अडकायचा. तिला भीती एकच होती, की एखाद्या दिवशी आपणच आपल्या हातानं काहीतरी घरात आणू आणि ते पोरीच्या छातीत जाऊन बसेल.

शेवटी तिच्या नवऱ्यानं, स्वरूपनं, हात टेकले. तो उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होता आणि रविवारचा रविवार खेळण्यांच्या दुकानांत घालवून कंटाळला होता. "यल्लाप्पाकडनं करून घे की," तो म्हणाला. "तुला पायजे तसं करून देतोय त्यो."

यल्लाप्पा सुतार त्यांच्या गल्लीच्या टोकालाच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रंग नको, पॉलिश नको, प्लायवूड नको, सरस नको. बाहुल्यांना नाकडोळे नकोत, लुगडं नको, मिशी नको.

"मग ह्यास्नी वळकायचं कसं आक्का?"

"मुलं ओळखतील."

"बरं." त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "पण बाजारातलं नवं लाकूड घेऊ नका. वाळवी लागू ने म्हणून औषधात बुडवूनच काढत्यात. मी जुनं बघतो. निपाणीकडं एक जुनी इमारत पाडल्यात, सागवानी तुळया हैत. रंग न्हाय, तेल न्हाय. आणि गंमत सांगू? इतक्या वर्षांत किडीनं तोंड म्हणून लावलेलं न्हाय."

नीलम खूश झाली. किडीनं त्या लाकडाकडं का फिरकू नये, हा प्रश्न वर्गात एखाद्या पोरीनं विचारला असता तर तिनं त्या पोरीला शाबासकी दिली असती. तिला स्वतःला तो सुचला नाही. इमारत कसली, हेही तिनं विचारलं नाही. निपाणी तिचं सासर. तिथलं लाकूड म्हटल्यावर तिला ते घरचंच वाटलं.

घर आलं ते मात्र बघत राहावं असं. पुढून उघडं, खाली दोन खोल्या, वर माळा. एक खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर बसवलेलं. वरच्या आढ्यासाठी यल्लाप्पानं तुळईचा तुकडा होता तसाच वापरला होता. त्याला खालच्या अंगानं मधोमध एक खाच होती, बोट फिरवलं तर काचेवरून फिरावं इतकी गुळगुळीत.

"दोर घासून घासून पडल्या ती. तासली असती तर लाकूड वाया गेलं असतं."

बाहुल्या गोल डोक्याच्या, खाली सरळ, सगळ्या एकाच घडणीच्या. आई, बाप, दोन पोरं अशा नीलमनं चार सांगितल्या होत्या. पाचवी अंगठ्याएवढी होती.

"मी चारच म्हटल्या होत्या ना?"

यल्लाप्पा जरा गोंधळला. "व्हय? बाळ बी सांगितलासा की तुमी."

नीलमनं वाद घातला नाही. तिनं सवयीनं नाक जवळ नेलं. गोडसर, उन्हात वाळलेल्या पाल्यासारखा वास होता. जुन्या सागाला येत असेल, असं तिनं ठरवून टाकलं. ओल्या फडक्यानं घर पुसलं तर फडकं पिवळट तपकिरी झालं. जुनं लाकूड रंग सोडतंच, हेही तिनंच ठरवलं.

वाढदिवसाची वाट न बघता नीलमनं ते मुलांपुढं ठेवलं, आणि मुलांना ते आवडलं. आणि पुढच्या दिवसांत नीलमच्या ध्यानात आलं, की चिनूची शिट्टी थांबली आहे. शेजारी फोडणीचा ठसका उठला तरी पोरगी शिंकत नव्हती. वाफेचं मशीन कपाटात गेलं. नीलमचा जीव भांड्यात पडला. स्टाफरूममध्ये तिनं बिनरंगाच्या घराचं इतकं कौतुक केलं, की बाकीच्या मॅडम तिला बघितल्यावर वह्यांत डोकं घालू लागल्या.

मग एका दुपारी ती घरात एकटीच पेपर तपासत बसली होती. मुलं शाळेत होती. पंखा बंद होता, पेपर उडू नयेत म्हणून. तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

बारीक शिंक होती. मांजराच्या पिल्लाची असते तेवढी.

नीलमनं मान वर केली. गॅलरीत जाऊन आली. मांजर नव्हतं, खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. ती परत येऊन बसली तर पुन्हा एक शिंक, आणि या वेळी ती कुठून आली याबद्दल तिला शंका उरली नाही. तिनं कोपऱ्यातल्या लाकडी घरात वाकून पाहिलं. चार बाहुल्या खालच्या खोलीत ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या एका दिशेला तोंड करून. तोंड म्हणजे काय, तोंड नव्हतंच त्यांना, पण त्या पाठमोऱ्या आहेत असं वाटत होतं. आणि आढ्याच्या खाचेतून एक दोरा खाली आला होता. दोऱ्याला चिनूचा पिवळ्या फुलांचा हातरुमाल बांधलेला, त्याची झोळी केलेली, आणि झोळीत ते अंगठ्याएवढं बाळ.

संध्याकाळी तिनं विचारलं, "चिनू, झोळी कुणी बांधायला शिकवली?"

"ती तिथंच असते," चिनू म्हणाली.

"दादानं बांधली?"

"मी नाही हं," सौरव लांबूनच म्हणाला. "मी त्या बाळाला हात नाही लावत. ते सारखं शिंकतंय."

दुकानादुकानांत जो प्रश्न तिनं उडवून लावला होता तोच तिच्या तोंडून आला. "मुलगा आहे का मुलगी?"

चिनूनं झोळीला हलका झोका दिला. "अजून सांगितलं नाही."

"कुणी?"

"त्याच्या आईनं."

स्वरूपनंही ऐकलं. सकाळी दाढी करताना त्यानं हाक मारली, "चिनू शाळेला गेली न्हवं? मग शिंकलं कोण?" नीलम म्हणाली, शेजारी असतील. त्या दिवसापासून तो दाढी करताना मोबाईलवर गाणी लावू लागला.

वाढदिवसासाठी रुक्माबाई आल्या. रुक्माबाई म्हणजे स्वरूपची आई. नवरा गेल्यापासून निपाणीत एकट्या राहायच्या आणि लेकाच्या आग्रहावरून सणावाराला बेळगावला यायच्या. एसटीतून उतरून, जिना चढून, हातातली भाजीची पिशवी घेऊन त्या दारातनं आत आल्या आणि तिथंच थांबल्या.

त्यांनी पदर उचलला, नाकातोंडावरून घेतला आणि मानेमागं त्याची गाठ मारली. हे सगळं त्यांच्या हातांनी केलं. त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"आई, काय झालं?"

रुक्माबाई कोपऱ्यात गेल्या. गुडघे धरत धरत खाली बसल्या. घराच्या आढ्याखाली बोट घालून त्यांनी ती खाच चाचपली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कुठलं गं हे लाकूड?"

"निपाणीचं. जुन्या इमारतीचं."

"वखारीचं हाय," त्या पदराआडून म्हणाल्या.

निपाणीत वखार म्हटली की तंबाखूची. कीड लागत नाही. फडकं पिवळं होतं. गोडसर वास येतो. सगळं तिच्या विषयातलं, तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिनं ते लेकीच्या उशाशी आणून ठेवलं होतं. तिनं लगेच यल्लाप्पाला फोन लावला. "व्हय, तंबाखूचीच की," तो म्हणाला. "का वो आक्का?"

तिनं फोन ठेवला आणि घर उचलायला पुढं झाली. तेवढ्यात झोळीतून शिंक आली.

रुक्माबाईंनी तिकडं पाहिलं नाही. त्यांचा हात मात्र पुढं झाला आणि एका बोटानं झोळी हलवू लागला. किती वर्षांपूर्वीची सवय असेल, पण हात ती विसरला नव्हता.

"स्वरूपच्या आदी एक हुतं," त्या म्हणाल्या. "त्याला म्हाईत न्हाय."

नीलम खाली बसली.

"आमी समद्या बाया वखारीत कुटायला, चाळायला. तान्ही पोरं कुठं ठेवणार? तुळईला झोळ्या बांधायचो. धुरळा तर असा उडायचा, समोरची बाई दिसायची न्हाय. पोरं शिंकायची. शिंकून शिंकून दमली की गप व्हायची. शिंका थांबल्या की आमी म्हणायचो, निजलं. मग हात मोकळा, काम उरकायचं." झोळी हलत राहिली. "त्या दिवशी बी थांबल्या. मला बरं वाटलं गं. म्हटलं, आज लवकर निजलं माजं. सुट्टी झाल्यावर उतरवाय गेले तर..."

त्यांनी पदराची गाठ घट्ट केली.

"माज्या नाकाला पदर हुता," त्या म्हणाल्या. "त्याच्या नाकाला काय न्हवतं."

"मुलगा होता की मुलगी, आई?"

"बाळ हुतं. बारसं सुगी झाल्यावर करू म्हणून सासूनं म्होरं ढकललेलं. मग म्हणाली, ज्याला नाव न्हाय त्याचं काय सांगत बसायचं लोकास्नी. कोगनोळीजवळ आमचा बांध हुता, तिथं पुरलं. आता तिथनं हायवे गेलाय. एसटीतनं जाताना मी त्या बाजूला बसत न्हाय."

नीलमला रडू आवरेना. रुक्माबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या फक्त झोका देत होत्या.

पण रडून झाल्यावर नीलमला चिनू आठवली. शाळा सुटायची वेळ झाली होती. "आई, हे घर इथं ठेवता यायचं नाही. चिनूच्या छातीला..."

रुक्माबाईंनी तिचा हात धरला. त्या सुनेपुढं कधी हात पसरणाऱ्यातल्या नव्हत्या. "नगं गं. शिंकतंय तवर हाय ते. शिंकतंय म्हंजे जित्तं हाय."

एकीला आपलं लेकरू वाचवायचं होतं आणि दुसरीलाही तेच करायचं होतं. शेवटी नीलमच म्हणाली, "बारसं करू आपण. राहिलंय ना ते. मग तुम्ही घर निपाणीला न्या. तुमच्याजवळ राहू दे."

वाढदिवसाच्या सकाळी केक कापायच्या आधी त्यांनी बारसं केलं. आपल्या आधीच्या भावंडाबद्दल स्वरूपला आदल्या दिवशीच कळलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, फाउंड्रीतल्या भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, आणि हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसत होता. नीलमनं वरवंटा धुऊन कापडात गुंडाळला. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, तसा तिनं तो झोळीच्या खालून रुक्माबाईंकडं दिला, त्यांनी वरून परत दिला. मुलांना गंमत वाटली. घुगऱ्या वाटल्या.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या नव्हती. रुक्माबाईंनी ते बाळ झोळीतून काढलं, ओठांशी नेलं आणि काहीतरी पुटपुटल्या. कान नव्हताच त्या बाहुलीला. तरी त्यांनी बरोबर एका बाजूला तोंड नेलं होतं.

"काय नाव ठेवलं आज्जी?" सौरवनं विचारलं.

"ज्याचं त्याला कळलं. बास."

त्या दिवशी शिंक आली नाही. केक झाला, मुलं आली नि गेली, संध्याकाळ झाली, तरी नाही. दिवेलागणीला रुक्माबाई झोळीकडं बघून हसल्या. किती हलका झाला होता त्यांचा चेहरा.

"निजलं," त्या म्हणाल्या.

आणि स्वतःचाच शब्द त्यांच्या कानावर पडला.

इतक्या वर्षांत रडल्या नसतील इतक्या त्या रडल्या. "दुसऱ्यांदा गं," एवढंच म्हणत होत्या. "दुसऱ्यांदा खूश झाले मी."

दुसऱ्या दिवशी स्वरूपनं गाडी काढली आणि घर, बाहुल्या, झोळी, सगळं आईबरोबर निपाणीला पोचवून आला. नीलमनं कोपरा साबणानं धुतला, फरशी पुन्हा पुन्हा पुसली. डॉक्टरांनी चिनूची छाती तपासली आणि अगदी स्वच्छ आहे म्हणाले. नीलमला आनंद व्हायला हवा होता. पण चिनू आता शिंकायचीच नाही. मिरच्या भाजल्या, खोल्या झाडल्या, तरी नाही. घर शांत झालं की नीलम हातातलं टाकून तिला बघायला धावायची.

एका दुपारी रुक्माबाईंचा फोन आला.

"कशी हाय चिनू?"

"बरी आहे. खेळतेय आत."

"आवाज येत न्हाय तिचा."

खरंच येत नव्हता. नीलम फोन कानाला तसाच धरून आत गेली.

चिनू कोपऱ्यात बसली होती, लाकडी घर जिथं होतं तिथं, रिकाम्या फरशीवर. तिच्या नाकातोंडावर रुमाल बांधलेला होता. मानेमागं गाठ होती. घट्ट, नीट, बाईमाणसाच्या हातची. चिनूला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

रुमाल पिवळ्या फुलांचा होता.

"आई," नीलम फोनमध्ये म्हणाली, "झोळी आहे का तिथं?"

"हाय की. का गं?"

"बघा जरा."

पलीकडं पावलं वाजली.

"न्हाय," रुक्माबाई म्हणाल्या. "दोरा नुसता लोंबतोय."

"बाळ?"

"त्ये बी न्हाय." नीलम चिनूजवळ वाकली. चिनूचे डोळे रुमालावरून तिच्याकडं बघत होते, शांत.

"कुणी बांधला हा?"

चिनूनं नाव सांगितलं. नीलमनं ते नाव या घरात कधी ऐकलं नव्हतं. मुलाचंही ठेवतात, मुलीचंही ठेवतात, असं नाव. तिनं ते तसंच फोनमध्ये सांगितलं.

"त्याच्या कानात ह्येच सांगितलेलं मी."

"सोडू नगं त्यो रुमाल," मग रुक्माबाई म्हणाल्या. "आणि तू बी आदी नाकाला पदर लाव. वखारीचा धुरळा बी आलाय त्याच्यासंगं."

नीलमनं फरशीकडं पाहिलं. सकाळीच पुसलेली, लख्ख. तिचा हात गाठीपर्यंत गेला होता.

तेवढ्यात तिला शिंक आली.